मानानें बोलून मन पालटतें काय?

(इंदिरानगर, नाशिक येथील सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आम्ही कांहीं मोठे वक्ते नव्हों. मराठी ट्रेनिंग कॉलेजांत शिकून खेड्यांतील पोरांस बाराखडी आणि पाढे शिकविण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं. या इंदिरानगरांत आमचे पुष्कळ सोयरेधायरे राहतात. कोणी सुतारकाम करितो, कोणी शिवणकाम, कोणी केस कापण्याचें दुकान चालवितो, कोणी पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारांत बसतो. गांवीं थोडी जमीन आणि येथें दोन खोल्या, असा बहुतेकांचा संसार. रस्ता डांबरी झाला, घर पक्कें झालें. पण गांवाहून येतांना भांड्यांबरोबर ज्या समजुती गांठोड्यांत बांधून आणल्या त्या तशाच आहेत. हें आम्ही कोणास टोंचून बोलत नाहीं. आमच्याहि गांठोड्यांत त्या होत्या, आणि सगळ्या अजून निघालेल्या नाहींत.

गेल्या महिन्यांत येथेंच एका लहानशा बैठकींत एका मुलीनें आम्हांस सवाल केला. तिचे वडील वारून सात वर्षें झालीं. तेव्हांपासून तिच्या आईस हळदीकुंकवास कोणी बोलावीत नाहीं, ओटी भरावयास कोणी पुढें करीत नाहीं. येत्या वैशाखांत या मुलीच्या धाकट्या बहिणीचें लग्न आहे. चुलत्यांचें म्हणणें असें कीं, मुलीच्या आईनें मांडवांत पुढें येऊं नये. हळद लावतांना आणि अक्षता पडतांना मागें कोठें तरी बसावें. ज्या बाईनें शिवणयंत्रावर पाय मारून दोन मुलींस वाढविलें, तिनेंच मुलीच्या लग्नांत तोंड लपवावें! ती मुलगी म्हणाली, "मास्तर, तुम्ही सांगतां मानानें बोला, समजावून सांगा. आम्ही सात वर्षें मानानेंच बोलतों. मानानें बोलून कोणाची समजूत बदलते का, कां बोलणाराचेंच तोंड दुखतें?"

आम्हांस त्या वेळीं उत्तर आलें नाहीं. शाळेंत एखाद्या पोरानें आमच्या गणितांतली चूक दाखवावी तसें आमचें झालें. आजचें भाषण म्हणजे त्या मुलीस देण्याचें राहिलेलें उत्तर आहे.

आमची फजिती

आधीं आमची स्वतःची फजिती सांगतों. २०११ सालीं आमचे वडील वारले. आम्ही तेव्हां ऐन उमेदींत. हातांत खडू, खिशांत पेन, आणि आपणांस सर्व कळतें असा ताठा. दहाव्याच्या दिवशीं गोदावरीच्या कांठीं भाऊबंद जमले. आमची थोरली आत्या पुढें झाली आणि तिनें आईचा हात धरला. बांगड्या फोडावयाच्या, कुंकू पुसावयाचें, गळ्यांतलें काढावयाचें, जोडवीं उतरावयाचीं. आम्ही मध्यें पडलों.

आम्ही काय बोललों? जें बोललों तें सारें खरें होतें. नवरा मेला यांत बायकोचा गुन्हा काय? बायको मेली तर नवऱ्याची कोणती निशाणी तुम्ही पुसतां? यांतला एकहि शब्द आम्ही आज परत घेणार नाहीं. पण तो कोणत्या तोंडानें बोललों? शंभर माणसांदेखत, सत्तरीच्या आत्येस, "तुम्ही अडाणी आहां, तुमच्यासारख्यांमुळेंच समाज मागें राहिला," असें आम्ही म्हणालों. आत्येच्या डोळ्यांत पाणी आलें आणि लगेच आटलें. तिनें खालचा दगड उचलला आणि जी बांगडी एरवीं हळूच टिचकली असती ती इतक्या जोरानें फोडली, कीं कांच आईच्या मनगटांत शिरली. आई एक शब्द बोलली नाहीं. जमलेले भाऊबंद आमच्याकडे पाहून म्हणाले, "शिकून पोरगं वाया गेलं."

मंडळी, त्या मनगटावरच्या ओरखड्यास निम्मी आत्या जबाबदार आणि निम्मे आम्ही. आमचा मुद्दा खरा होता, आणि त्या खऱ्या मुद्द्यानें आमच्या आईचा हात कापला गेला.

त्यानंतर दीड वर्ष आत्या आमच्याशीं बोलली नाहीं. मग पाय मोडून ती अंथरुणाला खिळली, तेव्हां आम्ही भेटीस गेलों. भुईमुगाच्या शेंगा फोडीत तिच्या खाटेजवळ बसलों. वाद घालण्याची हिंमत नव्हती, म्हणून सहज विचारलें, "आत्याबाई, मामा गेले तेव्हां तुमचं वय काय होतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बावीस. माझ्या बांगड्या हिरव्या व्हत्या रे. वणीच्या जत्रेतून घेतलेल्या. आठ दिस बी झाले नव्हते. सासूनं फोडल्या. एक तुकडा मी कणगीत लपवून ठेवला व्हता. पन्नास वर्सांत मला हे कुणी इचारलं न्हाई."

आणि मग तिनें जें सांगितलें तें आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. ती म्हणाली, "मी सोसलं. आता तुझ्या आईनं सोसायचं न्हाई असं तू म्हणतोस. मग मी कशापायी सोसलं?"

बंधूंनो, आमच्या सर्व शिक्षणांत हा धडा आम्हांस कोणी दिला नव्हता. आम्ही समजत होतों कीं आत्येच्या डोक्यांत अज्ञान आहे आणि आपण ज्ञान ओतलें कीं तें बाहेर पडेल. तेथें अज्ञान नव्हतें. तेथें पन्नास वर्षांचें दुःख होतें, आणि त्या रूढीच्या खांबावर तें दुःख कसेंबसें तोलून धरलेलें होतें. रूढी खोटी ठरली तर तिचें सारें सोसणें फुकट ठरणार होतें. येथें सुतार मंडळी बसली आहेत, त्यांस विचारा. जुन्या घराचा किडलेला खांब बदलावयाचा झाला तर तुम्ही एकदम त्यावर घण घालतां काय? आधीं छपराला टेकू देतां, मग खांब काढतां. आम्ही टेकू न देतां घण घातला होता. छपर कोसळेल या भीतीनें आत्येनें खांबाला आणखी घट्ट मिठी मारली, यांत तिचें काय चुकलें?

मग काय झालें

त्या संध्याकाळीं आत्येचें मत बदललें असें जर आम्ही सांगितलें तर तें खोटें होईल. कांहीं बदललें नाहीं. आम्ही नुसतें इतकेंच म्हणालों, "तुम्ही सोसलं तें फुकट नाहीं गेलं आत्याबाई. तें कसं असतं हें या घरांत तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुम्ही थांबवाल तरच तें थांबेल." ती भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढें २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत आत्येचा नातू गेला. नातसून सव्वीस वर्षांची. दहाव्याला मोजकीं माणसें. एक चुलत सासू पुढें सरसावली, तशी ऐंशी वर्षांची आत्या काठी टेकीत उठली आणि नातसुनेजवळ जाऊन बसली. तिचे दोन्ही हात तिनें आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ह्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई. माझ्या येळेला झालं तेवढं पुरं." कोणीहि पुढें आलें नाहीं. आम्ही तेथें होतों. आम्हांस एक शब्दहि बोलावा लागला नाहीं.

परंतु खरें तें सर्व सांगितलें पाहिजे. त्याच आत्याबाई अजूनहि विधवेनें ओटी भरावी हें मान्य करीत नाहींत. बांगडी सुटली, ओटी अडली. मन हें गव्हाच्या पोत्यासारखें एका झटक्यांत उलटें होत नाहीं. खारवट जमिनीसारखें तें वर्षावर्षानें सुधारतें, आणि एखादा कोपरा तसाच पांढरा राहतो.

ही एका घरचीच गोष्ट नव्हे

कोणी म्हणेल, मास्तर, ही तुमच्या घरची गोष्ट झाली. चार घरांबाहेर असें होतें का? होतें. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक बांधव जमले आणि विधवांच्या केसांस वस्तरा लावावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. विधवांचें मुंडण वाईट, असें पुस्तकांत लिहून आणि सभांत बोलून पुष्कळ विद्वान दमले होते. पण ज्याच्या हातांत वस्तरा, त्याच्याशीं जाऊन बोलावें, त्याच्या मनालाहि हें काम खुपत असेल हें ओळखावें, ही गोष्ट लोखंड्यांस सुचली. आणि ठराव कोणी वरून लादला नाहीं; आपल्या हातांनीं काय करावयाचें आणि काय नाहीं हें नाभिकांनींच ठरविलें. स्वतःच्या तोंडून निघालेला निश्चय माणूस मोडीत नाहीं; दुसऱ्यानें तोंडांत कोंबलेला तो पहिल्या संधीस थुंकून टाकतो.

आतां अलीकडचें पाहा. ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवीं ग्रामसभेनें ठराव केला कीं नवरा मेल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र आणि जोडवीं काढणें हे प्रकार आपल्या गांवांत बंद. त्याच महिन्यांत सरकारनें परिपत्रक काढून, सर्व ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें कळविलें. यामागें करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची खटपट होती. त्यांनीं आधीं काय केलें? आपल्या मरणानंतर आपल्या पत्नीवर हे प्रकार होऊं नयेत असें त्यांनीं स्वतः स्टॅम्पपेपरावर लिहून दिलें. दुसऱ्यास सांगण्याआधीं आपल्या घरचा कागद केला! ज्योतिरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला तोहि असाच. ज्याच्या बोलण्यामागें घरचें उदाहरण आहे त्याचें बोलणें लोक थांबून ऐकतात. ज्याच्या मागें तें नाहीं त्याचें बोलणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी बाजू

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही तुम्हांस अर्धें सत्य सांगून परत गेलों असें होईल. त्या मुलीचा सवाल अजून उभाच आहे. सात वर्षें मानानें बोलून जर कोणी ऐकत नसेल तर?

येथून थोड्याच मैलांवर पंचवटींत काळारामाचें मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे मोठे आधारस्तंभ. हजारों माणसें शिस्तीनें चालत आलीं. कोणाच्या हातांत काठी नव्हती, कोणाच्या तोंडीं शिवी नव्हती. तरी दरवाजे बंद. सत्याग्रहींच्या तुकड्या चारहि दारांशीं बसल्या, त्यांत स्त्रियाहि होत्या. रामनवमीच्या रथाच्या वेळीं त्यांच्यावर दगड पडले. याहून मानानें कोणीं काय मागावयाचें? माणसासारखें वागवा, एवढीच मागणी! वर्षांमागून वर्षें लढा चालला आणि दार कांहीं उघडलें नाहीं. शेवटीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवल्यास बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ सालीं.

आणि आम्हां शेतकरी-कारागिरांस झोंबेल अशी एक गोष्ट येथें बोललीच पाहिजे. दार बंद करणारे पुजारी होते, हें सांगावयास आपणांस फार आवडतें. पण त्या लढ्याच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून अस्पृश्यांचे रस्ते अडविले गेले, त्यांस दाणापाणी मिळेनासें झालें, त्यांचा छळ झाला. तीं खेडीं कोणाचीं? तीं आपलींच. तो वाणसवदा कोणीं बंद केला? आपल्याच आज्यापणज्यांनीं. वरच्यानें आपणांस हीन मानलें म्हणून आपण रडलों, आणि त्याच वेळीं खालच्याचा घडा विहिरीवरून परत पाठविला.

तेव्हां मानानें बोलण्याचा उपदेश करतांना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे कीं, बोलण्याचें काम कोणाचें? ज्याच्या पाठीवर कोरडा ओढला जात आहे त्यास, "जरा गोड शब्दांत सांग बाबा," असें म्हणणें हा निव्वळ निर्दयपणा आहे. त्यानें ओरडावें, दारांत बसावें, कोर्टांत जावें, गांव सोडावें, जें योग्य वाटेल तें करावें. गोड बोलण्याचें ओझें त्याच्यावर नाहीं. तें ओझें आपल्यावर आहे. जे कोरडा मारणाराच्या पंगतीस बसतात, त्याच्या लग्नाकार्यास जातात, ज्यांचा शब्द त्याच्या कानाला परका वाटत नाहीं त्यांच्यावर आहे. काळारामाच्या दारांत सत्याग्रही जन्मभर बोलले असते तरी काय उपयोग होता? त्या दिवसांत खेड्याखेड्यांतल्या पाटलानें आपल्या ओट्यावर, सुतारानें आपल्या कामाच्या पडवींत, बाईनें आपल्या चुलीपाशीं आपल्याच माणसांशीं बोलावयास हवें होतें. तें बोलणें पुरेसें झालें नाहीं.

बोलणें आणि कायदा

दुसरी गोष्ट, बोलण्यामागें आधार पाहिजे. २०१३ सालीं याच नाशिकांत जातीबाहेर लग्न केलें म्हणून एका गरोदर मुलीचा तिच्या बापानेंच जीव घेतला. त्यानंतर जातपंचायतींच्या जाचाविषयीं लोक उघड बोलूं लागले. कोणास वाळींत टाकलेलें, कोणाकडून दंड उकळलेला, कोणाच्या घरच्या मयतीस जातीचा माणूस खांदा द्यावयास आला नाहीं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभारली आणि ऑगस्ट २०१३ मध्यें नाशिकांत परिषद भरविली. त्याच महिन्याच्या २० तारखेस समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. शांतपणें, हंसतमुखानें, समोरच्याचें सर्व ऐकून घेऊन बोलणारा तो माणूस! बोलणाऱ्यास कोणी मारीत नाहीं असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं हें स्मरणांत ठेवावें.

पण मोहीम थांबली नाहीं. कार्यकर्ते पंचांस जाऊन भेटले. तुम्ही राक्षस आहां असें म्हणून भेटले नाहींत. जातीचें भलें व्हावें अशी तुमची इच्छा असेल, तर न्यायनिवाडा आणि दंड सोडून शिक्षणाचें काम करा, असें त्यांस सांगितलें. कित्येक पंचायती आपण होऊन बरखास्त झाल्या. वैदू समाजाच्या पंचांनीं पंचायत मोडून तिच्या जागीं समाजाच्या विकासाची समिती उभी केली. पंचांचा मान गेला नाहीं; मानाला दुसरें काम मिळालें. टेकू दिला आणि खांब काढला तो हा असा.

तरी जे ऐकतच नाहींत त्यांचें काय? त्यांच्यासाठीं विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला; तो जुलै २०१७ पासून अमलांत आला. वाळींत टाकणारास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारें महाराष्ट्र हें देशांतलें पहिलें राज्य. आतां कोणी विचारील, बोलण्यानें काम झालें कां कायद्यानें? शेतकऱ्यास विचारा, पीक नांगरानें येतें कां पावसानें? कायदा हात धरतो. पण धरलेला हात सुटल्यावर तो पुन्हा उठूं नये म्हणून मन वळवावें लागतें. आणि नुसतें मन वळविण्यांत जो काळ जातो त्या काळांत मार खाणाराचें रक्षण करावयास कायदा लागतो. दोन बैलांपैकीं एकच जुंपला तर गाडी वाकडी जाते.

कसें बोलावें

आतां तुम्ही म्हणाल, मास्तर, हें सारें खरें, पण बोलावें कसें तें सांगा. आम्ही मार खाऊन जें शिकलों तेवढें सांगतों.

पहिलें, चारचौघांत बोलूं नये. सभेंत माणूस हरावयास तयार नसतो. बांधावर, शेंगा फोडतांना, दवाखान्याच्या बांकावर बोलावें. दुसरें, आधीं विचारावें आणि मग गप्प बसावें. आपण विचारतों आणि उत्तराची वाट न पाहतां आपलेंच सांगूं लागतों. तें विचारणें नव्हे, तो सापळा झाला. तिसरें, समोरच्यानें स्वतः कधीं असें सोसलें होतें काय, तें आठवावयास लावावें. हें केवळ आमच्या आत्येपुरतें नाहीं. अमेरिकेंत मियामी शहरीं दोन अभ्यासकांनीं याची पाहणी केली आणि ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. स्वयंसेवकांनीं घरोघर जाऊन, तृतीयपंथी लोकांविषयीं माणसांशीं सुमारें दहा मिनिटें बातचीत केली. निंदा केली नाहीं; तुम्हांस कधीं कोणी वेगळें म्हणून हिणविलें होतें काय, असें विचारलें. तीन महिन्यांनंतर पाहिलें तरी पुष्कळांची अढी सैल झालेली टिकून होती. सर्वांची नव्हे, पुष्कळांची. सातासमुद्रांपलीकडचा माणूसहि आमच्या आत्येसारखाच निघाला.

चौथें, समोरच्यास परत येण्याची वाट ठेवावी. "तुमचें चुकलें" असें वदवून घेण्याचा हट्ट धरूं नये. आत्येनें आजवर "माझें चुकलें" असें म्हटलेलें नाहीं. न म्हणो. नातसुनेच्या हातांत बांगड्या राहिल्या, आणखी काय पाहिजे? पांचवें आणि सर्वांत कठीण असें कीं, आपणहि बदलावयास तयार असलें पाहिजे. दुसऱ्याचें मन मऊ आणि आपलें दगडाचें, असा सौदा जगांत कोणी करीत नाहीं. आत्येशीं बोलून आमचीहि एक समजूत मोडली. शिकलेला तोच शहाणा, ही.

आणि मान म्हणजे होला हो देणें नव्हे. आत्येस मान देतांना आम्ही रूढीस मान दिला नाहीं. माणसाच्या पायां पडावें, त्याच्या खोट्या समजुतीच्या पडूं नये.

त्या मुलीस उत्तर

आतां त्या मुलीस उत्तर देऊन आम्ही आपली रजा घेतों. ती आज मागें बसली आहे; तिचें नांव आम्ही घेत नाहीं.

बाई, तूं विचारलेंस, मानानें बोलून समजूत बदलते का. बदलते, पण हळू, थोडी, आणि सर्वांची नव्हे. तूं सात वर्षें बोललीस आणि ऐकलें गेलें नाहीं, यांत तुझ्या बोलण्याचा दोष नाहीं. तूं आणि तुझी आई ज्यांच्या दारांत उभ्या होतां त्या दारांतून दुसरें कोणी तुमच्या बाजूनें बोललें नाहीं, हा दोष आहे. आणि तो आमचा आहे. यापुढें चुलत्यांशीं बोलावयास तूं जाऊं नकोस. तुझें बोलणें झालें. आतां आम्हीं जावयाचें.

वैशाखास अजून अवकाश आहे. तुझे चुलते आमच्या ओळखीचे आहेत, भले गृहस्थ आहेत. त्यांनीं भावाच्या आजारांत शेत गहाण ठेवून पैसा उभा केला, हें आम्हांस ठाऊक आहे. भाऊ गेल्याचें दुःख त्यांसहि आहे, आणि लग्नांत कांहीं अशुभ झालें तर बोल आपल्यावर येईल ही भीतीहि आहे. तें आधीं ऐकून घेऊं. येत्या रविवारीं सकाळीं आम्ही त्यांच्या घरीं चहास जाणार आहों. व्याख्यान देणार नाहीं. त्यांची आई कमी वयांत विधवा झाली होती, तिच्याविषयीं विचारणार आहों. एका भेटींत न झालें तर चार भेटी घेऊं.

आणि त्यांनीं नाहींच ऐकलें तरी लग्नाच्या दिवशीं, बाई, तुझी आई मांडवांत पुढेंच बसेल. तिच्या एका बाजूस आमची आई बसेल, मनगटावरचा तो ओरखडा घेऊन. तशा दोन खुर्च्या आम्ही आजच सांगून ठेवतों. कोणाची समजूत पालटेपर्यंत कोणा आईनें भिंतीआड थांबावें, असें आम्ही मानीत नाहीं.

आमच्याबरोबर रविवारीं चहास यावयास दोन माणसें पाहिजेत. चुलत्यांच्या नात्यांतलीं, त्यांच्या वयाचीं असलीं तर उत्तम. सभा संपल्यावर दाराशीं आम्ही उभे आहों. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं तेथें भेटावें.